हात दाखवून

कांजूरला, पतपेढीच्या वर, दुसऱ्या मजल्यावर
माझं काम रात्री दहाला सुरू होतं.
पडद्यावर लालबहादूर शास्त्री मार्ग,
एका पांढऱ्या गाडीने दिवसभर टिपलेला.
मी माणसांभोवती चौकटी काढते.
पादचारी हिरवा, सायकल पिवळी, गुरं तपकिरी.
चौकटीमागे पंचवीस पैसे,
चुकली तर तेवढेच वजा.
अशाने म्हणे गाडीला माणूस कळतो.

पहिल्याच आठवड्यात डिमेलो सरांना विचारलं,
लतीफचाचाचं काय करू?
मागून सायकल दिसत नाही, चाचा दिसत नाही,
दिसतो निळ्या मेणकापडाचा डोंगर
आत सहाशे पाव,
पहाटे पाचला उलट्या दिशेने येणारा.
सर म्हणाले, यादीत बघ.
यादीत बर्फावरून घसरणारा माणूस होता.
पाववाला नव्हता.
मी 'इतर' लिहिलं
आणि दुसऱ्या दिवशी चहात पाव बुडवताना
उगाच ओशाळले.

आणि हाताचं काय?
सोनापूरला, जिथला सिग्नल वर्षानुवर्षं
नुसता पिवळा डोळा मिचकावतो,
माझी आत्या इंदुमती खोपकर
लग्न होऊन आल्यापासून हातानेच रस्ता ओलांडते.
तळवा पुढे, बोटं जराशी वाकलेली,
मान भलतीकडेच.
त्या हातात 'थांबशील ना रे बाबा' असतं,
'नाही थांबलास तर बघ' असतं,
'तू हळू हो, मी पळते, मधे कुठेतरी जमवू' असतं.
ड्रायव्हर भुवई उडवतो, आत्या पदर खोचते,
सौदा पटतो.
कोथिंबिरीच्या जुडीवर होते तशीच घासाघीस,
इथे जिवाची.

हाताला आमच्याकडे वेगळी चौकट नाही.
तो माणसातच धरायचा.

फेब्रुवारीत गाडी खरोखर आली.
छपरावर गरगरणारं डबडं, चाकामागे कोणी नाही.
आत्या वाकून बघत राहिली:
हिच्याशी बोलायचं कुठे गं?
काचेत माझंच तोंड दिसतंय.
तिने हात केला, गाडी थांबली.
दुसऱ्यांदा हात न करताच निघाली,
तरी थांबली.

दोन दिवसांत भांडुपभर झालं
की ही बिचारी कोणालाही थांबते.
मग काय.
शाळा सुटली, थांबली.
मडकी भरलेली हातगाडी, थांबली.
एक पोरगा पाऊल पुढे टाकायचा, मागे घ्यायचा,
तिला नाचवायचा,
मागे बेस्टची बस हॉर्न धरून बसलेली
आणि ही मधोमध पाऊण तास,
लग्नात एकही ओळखीचं न भेटलेल्या पाहुण्यासारखी.

सगळे हसले. आत्या हसली नाही.
म्हणाली, भाव न करता देणाऱ्याचं दुकान
फार दिवस उघडं राहत नाही.
तेव्हा मला वाटलं,
ती भाजीवाल्याबद्दल बोलतेय.

आता सोनापूरला कठडे आलेत,
छातीएवढे, चंदेरी, अजून रंगाचा वास येतो.
गाडीचा खोळंबा होऊ नये म्हणून.
ओलांडायचं तर पुढे पूल आहे,
बेचाळीस पायऱ्या.
लतीफचाचाने खाली उभं राहून मोजल्या,
सायकल वळवली.
त्या गल्लीत पाव आता साडेसातला पोचतो.

कालच्या चित्रणात आत्या होती.
कठड्याच्या अलीकडे, एकटी.
समोर गाडी नीट आपल्या वेगात,
आणि हिचा हात वर.
हात दाखवून अवलक्षण, असं तीच म्हणायची
ज्योतिषाकडे जाणाऱ्यांना.

मी तिच्याभोवती हिरवी चौकट काढली.
मग हाताभोवती आणखी एक, छोटी.
यंत्राने विचारलं, हे काय?
मी लिहिलं: बोलतेय.

सकाळी सरांनी ती पुसली.
ही पहिली नाही.
आजवर साडेअकरा रुपये गेलेत.